टायगरला खायला काय घालता?

चंद्रपूर हे शहर एका कुत्र्याच्या पळपुटेपणातून उभं राहिलं, ही गोष्ट आम्ही चंद्रपूरकर पाहुण्यांना सहसा सांगत नाही. पाहुण्यांना आम्ही वाघ दाखवतो. पण आख्यायिका जुनी आहे आणि गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह, अंगभर गाठी आलेल्या. झरपट नदीच्या पात्रातल्या पाण्यानं त्या बऱ्या झाल्या आणि तिथेच पुढे अचलेश्वराचं देऊळ झालं. इथपर्यंत सगळे भक्तिभावानं सांगतात. मग आवाज जरा खाली येतो. कारण यानंतर राजाला दिसलं ते असं, की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला आहे. कुत्रा पुढे, ससा मागे. असा मोठा फेरा झाल्यावर केव्हातरी कुत्र्याला आपण कोण आहोत हे आठवलं, तो उलटा वळला आणि त्यानं सशाला मारलं. राणी म्हणाली, शुभशकुन आहे, जिथून हे दोघे पळाले तिथून तट बांधा. तट पुरा व्हायला काही पिढ्या गेल्या, पण जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर अशा चार वेशींचा तो परकोट अजून उभा आहे, आणि त्या कुत्र्याच्या कृपेनं आमची रोजची वाहतूक जटपुरा गेटात तुंबते.

सशाचं शौर्य, राणीची दूरदृष्टी, राजाची श्रद्धा यांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. त्या कुत्र्याला खायला काय घालत होते, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. राजाचा कुत्रा म्हणजे त्याच्या जेवणावर दोन-चार माणसं नेमलेली असणार. आणि ज्याच्या जेवणावर दोन-चार माणसं नेमलेली असतात, त्याच्या ताटात शेवटी काय उरतं, हे सरकारी खात्यात नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ससा मागे लागणारच.

आता मात्र हा प्रश्न चंद्रपुरात घरोघर विचारला जातो. तुकूमपासून बल्लारपूरपर्यंत सकाळी फिरायला निघालेली माणसं आधी कुत्र्याचं नाव विचारतात, मग जात विचारतात, आणि तिसरा प्रश्न ठरलेला: ‘‘काय घालता?’’ मुलगा कोणत्या कॉलेजात आहे, हा प्रश्न चौथा.

आमच्या लहानपणी या प्रश्नाला एकच उत्तर होतं. चंद्रपूरचा पूर्वभाग आणि सगळं गडचिरोली हा धानाचा मुलूख. माणूस भात खातो म्हणून कुत्रा भात खातो, इतका साधा हिशेब. सकाळी पेज, दुपारी गंजाच्या बुडाला लागलेला भात, रात्री वरणाचं पाणी, आखाडीत हाडकं, आणि बोडीला मासोळी निघाली तर तिची डोकी. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे घरची बाई टोपली घेऊन जंगलात निघाली की कुत्रा पुढे. अस्वलही मोह वेचायलाच येतं, तेव्हा ते दिसल्याबरोबर बोंब मारणं ही त्याची नोकरी. पगार, दोन वेळचा भात.

आणि भात तरी कसला! नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून ठेवल्या, त्यांतून एक बारीक तांदूळ तयार केला आणि त्या काळी मनगटावर ज्या घड्याळाची ऐट होती त्या एचएमटीचं नाव त्याला मिळालं. आज हा तांदूळ पुण्या-मुंबईत लोक पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. नागभीडकडचा कुत्रा तो रोज खातो आणि वर तोंड वाकडं करतो, कारण वरण पातळ आहे.

शहाणे लोक सांगतात, कुत्रा हा मुळात लांडगा, त्याला धान्य घालणं म्हणजे अत्याचार. परदेशी पाकिटांवर तर डोंगरावर उभा असलेला लांडगाच छापलेला असतो, म्हणजे तुमच्या सोफ्यावर पाय वर करून झोपलेला पामेरियन हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. पण २०१३ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्यांनी मोजल्या. लांडग्याकडे निघाल्या दोन. कुत्र्याकडे चारपासून पार तीसपर्यंत. म्हणजे माणसानं शेती करायला घेतली आणि उरलंसुरलं टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून कुत्रा पोटातून बदलत गेला. स्वीडनमध्ये बसून लावलेला हा शोध सिंदेवाहीच्या कोणत्याही अंगणात दुपारी एक वाजता विनाशुल्क बघायला मिळाला असता.

मग ‘ग्रेन फ्री’ म्हणजे बिनधान्याच्या खाद्याची लाट आली. तांदूळ काढला आणि त्याच्या जागी बहुतेकांनी वाटाणे, मसूर, बटाटे घातले. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएनं अशा खाद्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठाम निकाल लागला नाही, पण तांदळाची अब्रू बरीच परत आली. खरोखरीचं बिनधान्याचं खाणारे आमच्या ताडोब्यात आहेत, रानकुत्रे. एकेकाचं वजन पंधराएक किलो. कळपानं चितळाला पळवून पळवून दमवतात आणि ते पुरतं मरायच्या आत जेवायला बसतात. वाघासाठी हजारो रुपये मोजून आलेले पर्यटक जिप्सीतून त्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘‘अरे, कुत्रेच आहेत.’’ गाइड बिचारा समजावतो, की साहेब, हा आपला घरचा कुत्रा नाही, याचं कूळच वेगळं. साहेबांचा कॅमेरा तोवर बंद झालेला असतो.

तर पाकीट. मूल रोडवर एक दुकान आहे. पूर्वी तिथे सरकी ढेप, तुरीची चुनी आणि कोंबड्यांचं खाद्य मिळायचं. ते अजून मिळतंच, फक्त ते मागे गेलं आणि पुढे काचेच्या कपाटात कुत्र्यांचं आलं. मी उभा होतो तेव्हा एक गृहस्थ आले. गालात खर्रा. आमच्याकडचा खर्रा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून पाटीवर असा घोटतात की तिघांनाही आपापला धर्म आठवू नये. तर गृहस्थांनी पाकीट उचललं, उजेडात धरलं, मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा वर केला, दाराशी जाऊन एक लांब पिचकारी मारली, परत आले आणि दुकानदाराला म्हणाले, ‘‘याच्यात केमिकल त नाही ना जी? आपल्याले कुत्र्याच्या तब्येतीशी खेळायचं नाही.’’

दुकानदार म्हणाला, ‘‘नाही जी, एकदम नॅचरल.’’

गृहस्थांनी मग खिशातून दुसरा खर्रा काढला, दातानं रबर सोडवलं आणि निर्धास्त झाले.

ती बारीक अक्षरं मीही वाचली आहेत आणि त्यांत खरंच काही लपलेलं नसतं. ती फक्त पुढच्या मोठ्या अक्षरांशी बोलत नाहीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिलं नाव ‘ताजं चिकन’ असलं तरी हुरळून जायचं नाही, कारण ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. भट्टीतून बाहेर येईपर्यंत ते पहिला नंबर सोडून कुठल्या कुठे गेलेलं असतं. ‘विथ चिकन’ ही तर निराळीच कला. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे ‘विथ’ लिहायला ३ टक्के चिकन पुरतं, आणि ‘चिकन फ्लेवर’ लिहायचं तर कुत्र्याला चव कळली की झालं. लग्नाच्या पंगतीतल्या मटणाच्या रश्शासारखंच हे: वाढपी ‘मटण, मटण’ ओरडत जातो, आपण पळीमागून पळी घेतो आणि उठताना शेजारच्याला विचारतो, ‘‘तुले भेटला का पीस?’’

प्रथिनांचा आकडा मात्र बघावा. अमेरिकेतल्याच प्रमाणानुसार, पाण्याचा अंश वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के आणि पिल्लाला साडेबावीस टक्के. नुसत्या भातात याच्या निम्मीसुद्धा निघत नाहीत. म्हणजे भात वाईट नाही, एकटा भात अपुरा. त्यात अंडं, उकडलेलं चिकन, कलेजी, मासोळी, घट्ट वरण असं काही पडलं पाहिजे. उलट नुसतं मटण घालणारा शौकीनही चुकतो, कारण मांसात कॅल्शियम नगण्य आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकडे व्हायला तेवढं पुरतं. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं काही आहे का, आणि ते पिल्लासाठी की मोठ्यासाठी, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. बाकीच्या निम्म्या अक्षरांत जवस, रोझमेरी आणि ब्लूबेरी. ब्लूबेरी आमच्या पिढीतल्या माणसांनीही अजून खाल्लेली नाही.

हा कुत्र्याच्या बिस्किटाचा धंदा सुरू केला तो जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं, १८६०च्या सुमाराला, लंडनमध्ये. तो तिथे गेला होता विजेपासून इमारती वाचवणाऱ्या कांबी विकायला. गोदीत खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं कुत्रे मटकावताना त्यानं पाहिली आणि कांबी बाजूला ठेवल्या. गहू, भाज्या, बीट आणि मांसाचं काहीतरी एकत्र भाजून त्यानं वड्या केल्या. मांस कोणतं, हे त्यानं जन्मभर सांगितलं नाही. त्याच्याच कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टनं पुढे १८९१ पासून कुत्र्यांचं ‘क्रफ्ट्स’ हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरवलं. म्हणजे आधी बिस्किट आलं आणि मग ते खाण्याच्या लायकीचे कुत्रे. आता तर हा धंदा आमच्या दारापर्यंत पोचलाय. गडचिरोलीतून पूर्वेला छत्तीसगडात उतरलं की राजनांदगाव, आणि तिथल्याच कोंबड्यांच्या उद्योगातून ‘ड्रूल्स’ निघालं. आमच्याकडे मात्र अजून असा समज पक्का आहे की पाकिटावरचा कुत्रा जितका गोरा, तितकं आतलं खाणं भारी.

श्रावणाचं काय करायचं, हे कोणत्याच पाकिटावर छापलेलं नसतं. आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे, श्रावणभर घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि घर एकदा सोवळ्यात गेलं की कुत्राही गेला. शास्त्र त्यांच्या विरोधात नाही. नीट तोलून केलेल्या शाकाहारी खाण्यावर कुत्रा जगतो. मांजर जगत नाही, तिला टॉरिन मांसातूनच हवं असतं. बाजारात कुत्र्यांसाठी शाकाहारी खाद्यही मिळतं. त्यामुळे यांचा ब्रूनो महिनाभर दहीभात, लाल भोपळा आणि पनीर खातो. सोमवारी साबुदाण्याची उसळ. पण ब्रूनोची श्रद्धा कच्ची. संध्याकाळी साखळी सुटली की तो सरळ शेजारच्या गल्लीतल्या बिर्याणीवाल्याच्या मागच्या दाराशी जातो, आणि परत येतो तेव्हा घरातल्या वहिनी त्याच्या तोंडावर गोमूत्र शिंपडून मगच त्याला घरात घेतात. मागच्या श्रावणात त्याचं वजन वाढलं. काका म्हणतात, बघा, सात्त्विक आहाराचा गुण.

आमच्या भागातला पशुवैद्य हा मुळात गाई-म्हशींचा आणि शेळ्यांचा माणूस. त्याच्या दवाखान्यासमोर खोडा असतो, त्यात बैल उभा असतो, आणि मागे रांगेत पट्ट्याला धरलेला शिट्झू घेऊन एक बाई उभी असते. शिट्झू बैलाकडे बघून थरथरतो, बैल शिट्झूकडे बघून हे काय आहे याचा विचार करतो. ‘‘डॉक्टर, याला भूकच लागत नाही हो,’’ बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय काय देता? बाईंनी सांगायला सुरुवात केली. सकाळी पाकिटातलं, मग दूध-बिस्किट, मग आजोबांच्या ताटातली पोळी, मुलाच्या हातचं चॉकलेट, दुपारी थोडं आइस्क्रीम, रात्री सावजी रस्सा-पोळी कारण त्याला तिखट आवडतं. डॉक्टर लिहायचे थांबले. मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: चॉकलेट बंद, ते विष आहे. द्राक्षं-मनुका बंद, मूत्रपिंड जातं. कांदा-लसूण बंद, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि सावजीत कांदा-लसूण नाही तर दुसरं आहे काय? शिजवलेली हाडं बंद, त्यांच्या किरचा आतड्यात घुसतात. शुगर-फ्री च्युइंगम तर चुकूनही नको. दूध मोठ्या कुत्र्याला बहुधा पचत नाही.

‘‘मग उरलं काय?’’ बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी शिट्झूच्या दोन्ही कुशींवरून हात फिरवला, बाईंचा हात धरून तिथे ठेवला. ‘‘इथे फासळ्या लागल्या पायजे. दिसल्या नाही पायजे, पण बोटाले लागल्या पायजे. तुम्हाले लागतात का?’’ बाईंनी पुष्कळ चाचपलं. मागे उभा असलेला बैलाचा मालक बैलाच्या बरगड्या मोजू लागला. त्या रस्त्यावरूनही मोजता येत होत्या.

आता या सगळ्या आहारचर्चेत एक पक्ष असा आहे ज्याचं मत कोणी विचारत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत ते न विचारून भागत नाही. तो पक्ष म्हणजे बिबट्या. आपण कुत्र्यासाठी सकस, दर्जेदार, प्रथिनयुक्त खाद्य शोधत असतो. बिबट्याला ते केव्हाच सापडलेलं आहे. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात बिबट्यांच्या विष्ठा तपासून त्यांच्या पोटाचा हिशेब मांडला, तेव्हा खाल्लेल्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. बकऱ्या मागे पडल्या. तुम्ही कुत्र्याला जे जे घालता, ओमेगा-थ्री, ग्लुकोसामाइन, केसांना चमक देणारं झिंक, ते सगळं पुढच्या ग्राहकापर्यंत पोचतं. आमच्या ऊर्जानगर-दुर्गापूरकडे वीज केंद्राच्या भिंतींच्या आत-बाहेर बिबटे आणि वाघही फिरतात. तिथे माणसांनीही जीव गमावले आहेत, त्यामुळे यात हसण्यासारखं सगळंच नाही. गावाच्या कडेला कोंबडी-मटणाची घाण टाकली की कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. म्हणून जंगलालगत राहणाऱ्यानं कुत्र्याला काय घालावं याच्या आधी कुठे आणि केव्हा घालावं, हे बघावं. दिवस मावळायच्या आत, दाराच्या आत. अंगणातलं उष्टं ताट रात्री उचलून ठेवावं. हे कोणत्याही महागड्या पाकिटापेक्षा कुत्र्याचं आयुष्य जास्त वाढवतं.

त्यातून आम्हा लोकांची नावं ठेवायची रीत. वाघांच्या जिल्ह्यात राहून कुत्र्याचं नाव टायगर, शेरू, नाहीतर वाघ्या. मोहुर्लीकडच्या एका चहाच्या टपरीवर एक म्हातारबुवा सांगत होते, ‘‘काल राती टायगर गेला जी.’’ टपरीवर एकदम शांतता. एका पर्यटकानं घाईघाईनं मोबाइल काढला. कसा गेला, शिकार झाली का, वनखात्याला कळवलं का? ‘‘कळवून का करता? बिबट्यानं नेला.’’ पर्यटकाला हे पचेना, बिबट्यानं वाघाला नेलं? तेव्हा शेजारच्यानं उलगडा केला, आणि वर खरं दुःख सांगितलं: बकरी गेली असती तर पंचनामा झाला असता, काही पैसे मिळाले असते. कुत्रा पशुधनात मोडत नाही. ‘‘पंधरा वर्सं भात खाऊन राखण केलन,’’ म्हातारबुवा म्हणाले, ‘‘पण त्याचा सातबारा नाही.’’ मग त्यांनी दुसऱ्या पिल्लाचं नाव काय ठेवलं, हेही सांगितलं. टायगरच.

शहरात हा धोका कमी, म्हणून तिथे धोका विकत घेतात. आमच्या कॉलनीतल्या एका साहेबांनी सायबेरियन हस्की आणला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो, डांबर बुटाला चिकटतं, आणि या प्राण्याच्या अंगावर बर्फात झोपण्यासाठी देवानं दिलेल्या दोन गोधड्या. त्याला स्वतंत्र एसी, स्वतंत्र कूलर आणि सालमन माशाचं, दहा किलोला काही हजारांचं परदेशी खाद्य. उन्हाळ्यात कुत्रे मुळातच कमी खातात; हस्की फरशीवर चारी पाय पसरून पडायचा आणि भांड्याकडे ढुंकून बघायचा नाही. साहेबांनी तीन कंपन्या बदलल्या. सालमन गेला, कोकराचं मटण आलं, मग बदकाचं. हस्की पडूनच. पण पोतं मात्र महिन्याच्या महिन्याला संपायचं, त्यामुळे साहेब आम्हाला ठासून सांगत, खातो हो, आपल्यासमोर खात नाही, लाजतो.

जूनमध्ये मी त्याच मूल रोडच्या दुकानात गेलो. साहेबांचं नवं पोतं बांधून तयार होतं आणि दुकानाच्या पायरीवर एक गावठी काळा कुत्रा बसला होता. अंगावर अशी चमक की पाकिटावर छापावा. फासळ्या दिसत नव्हत्या. मी हात लावून पाहिला, बोटाला लागल्या. दात पांढरेशुभ्र, छाती भरलेली. असा कुत्रा मी अख्ख्या चंद्रपुरात पाहिला नव्हता.

‘‘हा तुमचावाला?’’

‘‘हाओ जी.’’

‘‘मग बाकीचं राहू द्या. याला जे घालता तेच द्या मला.’’

दुकानदारानं एकदा त्या पोत्याकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे, आणि साहेब आसपास नाहीत याची खात्री करून म्हणाला, ‘‘आमी काही नाही घालत. तो सकाळ-संध्याकाळ सायबाच्या घरी मागच्या गॅलरीत जाते. तिथं त्याले बदक आवडते.’’ मग पोतं उचलून स्कूटरवर ठेवता ठेवता त्यानं भर घातली, ‘‘मागचं मटणवालं नाही चाललं त्याले. मीच सायबाले सांगितलो, बदलून पाहा म्हणून.’’